मागची सीट

स्वतःच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर पुरुषोत्तमांनी एकच धोशा लावला: फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून सायकलने हिंडायचं. त्यासाठी दोघांनी चालवायची लांबलचक सायकल आली आणि रोज कार्डिफबाहेरच्या चढावर सराव सुरू झाला. पुढे ते, मागे त्यांच्या पत्नी शैलाताई. दोघांची पेडलं एकाच साखळीने फिरायची. जोर कोणाचा ते कळायचं नाही. जोर शैलाताईंचाच असायचा. “बघ, तिशीतल्यासारखा चढतोय!” “विमानच की तुमचं,” त्या धापा टाकत म्हणायच्या. आज फ्रान्सला जायच्या बोटीची तिकिटं काढायची होती. तिकडे सुनसान रस्त्यावर यांना काही झालं तर? शैलाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. ‘नाही’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून ते चढाकडूनच वदवायचं ठरवून त्यांनी अर्ध्या वाटेत पाय सैल सोडले. सायकल रखडली, थांबली. “दमलीस ना? मला रोज ओढतेस, ठाऊक आहे,” डॉक्टर म्हणाले. “म्हणूनच तिकडे कालव्याकाठचा सपाट रस्ता शोधलाय.”