शालूबाईचा उपास

"उपास हाय," शालूबाई म्हणाली, पदर गळ्याशी घट्ट ओढला आणि बादली उचलून वॉर्डाबाहेर गेली.

गंगव्वानं पुढे केलेली भाकरी डब्यात ठेवली. सोमवारी उपास, मंगळवारी उपास, आज बुधवारीही उपास. हा कुठल्या देवाचा म्हणायचा? परवा तिनं भाकरी सहज पुढे केली होती, आज मात्र मुद्दाम. ज्यांचं चोरलं त्यांचंच अन्न घशाखाली कसं उतरेल!

कॉटवर तिची नऊ वर्षांची दानेश्वरी झोपली होती. सोमवारी डॉक्टरांनी पोरीच्या काळजातलं भोक बुजवलं. दोन दिवस काचेपलीकडे सलाईनवर ठेवून आज पहाटे तिला परत या वॉर्डात आणलं. छातीवर उभी पांढरी पट्टी होती आणि गळा मोकळा. त्या मोकळ्या गळ्याकडे आईला बघवत नव्हतं.

पोर जन्मली तेव्हापासून त्या गळ्यात इष्टलिंग होतं, दोऱ्यात ओवलेल्या चांदीच्या डबीत. लिंगायताच्या घरात लिंग अंगावेगळं करत नाहीत, आणि सकाळी ते तळहातावर घेऊन पूजल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. ऑपरेशनआधी पोरीच्या अंगावरचं उतरवून सिस्टरनी पिशवीत घालून दिलं, त्यात कानातलं होतं, बांगड्या होत्या, पैंजण होते. लिंग तेवढं नव्हतं. आज पहाटे पोरीनं डोळे उघडल्या उघडल्या गंगव्वानं विचारलं, तर "मावशीनं काढलं," एवढंच बोलून ती परत झोपली. मावशी म्हणजे आत नेताना पोरीचे कपडे बदलणारी आयाबाई, ही शालूबाईच.

तरी गंगव्वा गप्प राहिली. तोंड नव्हतं असं नाही. गडहिंग्लजच्या बाजारात तिच्या आवाजानं गिऱ्हाईक दचकायचं. पण पोरगी यांच्या हातात. आज चोर म्हणावं आणि उद्या हिनंच कूस बदलताना पोरीला हिसडा दिला तर? म्हणून तिनं नुसती नजर ठेवली. नजर ठेवली तसं दिसतही गेलं. बाई वाकली की हात गळ्याशी नेते. आपल्या नजरेला नजर देत नाही. आज सकाळपासून तर काम नसताना चारदा येऊन कॉटजवळ घुटमळून गेली.

दहाला डॉक्टर आले. "आजपासून पोटात गेलंच पाहिजे. मऊ भात द्या," ते म्हणाले. "आणि टाके निघेपर्यंत गळ्यात दोरा, ताईत, काही नको. जखमेवर घासेल."

गंगव्वानं पोरीला जागं करून भाताचा चमचा पुढे केला. दानेश्वरीनं ओठ मिटले.

"अव्वा, पूजा?"

ही पोर लिंगाशिवाय खायची नाही, आणि खाल्लं नाही तर उठायची नाही. तेवढ्यात शालूबाई धुतलेली चादर घेऊन आत आली. गंगव्वानं सरळ तिचं मनगट धरलं.

"गळ्यात काय हाय ते दावा. माझ्या लेकीचं हाय ते!"

सगळा वॉर्ड बघायला लागला. शालूबाईनं कॉटभोवतीचा पडदा ओढला आणि पदर बाजूला केला. दोऱ्याला चांदीची डबी होती, घामानं ओली झालेली.

"तिनंच दिलंय," ती हळूच म्हणाली. "आत नेताना रडाय लागली. मावशी, खाली ठिवू नगा म्हणाली, कुणाच्या तर अंगावरच पायजे. आन् माझं परत मलाच द्या म्हणाली. मी म्हटलं, देते बाळ. सकाळपास्नं चारदा आले, तर झोपल्याली."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

"काय सांगू? तुमचं लिंग, आन् माझ्यासारखीच्या गळ्यात. तुमी काय म्हटलं असतं?"

आपण काय म्हटलं असतं, ते गंगव्वाला पक्कं ठाऊक होतं.

"आन् उपास?"

"तुमच्यात पूजा केल्याबिगर जेवत न्हाईत म्हणं. हिनंच सांगितलं. गळ्यात तर घातलंय, आन् पूजा मला येत न्हाय. म्हणून चहावर ऱ्हायले."

दोरा शालूबाईच्या गळ्यातून निघाला आणि लिंग दानेश्वरीच्या तळहातावर आलं. आईनं विभूती लावली. पोर डोळे मिटून पुटपुटली. मग तिनं चार चमचे भात खाल्ला आणि पाचव्याला मान फिरवली. गंगव्वाला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही.

लिंग परत डबीत गेलं. पोरीच्या गळ्यात घालायचं नव्हतं. गंगव्वाच्या गळ्यात तिचं स्वतःचं होतं, आणि एका गळ्यात दोन लिंगं घालत नाहीत. शालूबाई चादर बदलून निघाली होती. गंगव्वानं दोरा हातात घेतला. तो अजून कोमट होता.

"शालूबाई, मान खाली करा."

शालूबाईला कळेना. गंगव्वानं स्वतःच उठून दोरा तिच्या गळ्यात घातला, डबी पदराआड सारली आणि डबा उघडला.

"टाके निघंस्तोवर रोज सकाळी यायचं. बसा आता. आजची पूजा झाली की."