तेरा हात

भंगारवाला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा थोरली म्हणाली, "पाच मिनिटं थांबा हो."

"ताई, तीन मजले उतरवायचंय ते धूड," तो म्हणाला, पण जिन्याच्या पायरीवर टेकला.

आई जाऊन सव्वा महिना झाला होता. घर रिकामं करायचं होतं, आणि शिवणयंत्राशेजारचा तो जुनापुराणा कॉम्प्युटर कुणालाच नको होता. द्यायच्या आधी धाकट्याने उगाच बटण दाबून पाहिलं, तर तो चक्क गुरगुरत सुरू झाला. आत लहानपणीचा खेळ अजून होता. गणित सोडवायचं आणि होडीने पुढच्या बेटावर जायचं. या खेळापायी दोघा भावंडांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या.

कोण खेळणार? खेळाने विचारलं, आणि खाली तीन नावं आली. ताई. धाकटा. आई.

"आई?" धाकटा म्हणाला. "ही कधी खेळायची?"

थोरलीला एक दुपार आठवत होती. ती अकरा वर्षांची होती, मैत्रिणी शेजारी बसल्या होत्या. आई गळ्यात टेप तशीच ठेवून मागे येऊन उभी राहिली आणि पडद्यावरच्या शिडाकडे बोट करून म्हणाली, "ह्यात नेफा कुठून काढायचा गं?" मैत्रिणी फिस्सकन हसल्या. थोरली म्हणाली, "आई, हा अभ्यास आहे. तुझ्या गिऱ्हाइकाचा परकर नाही. तुला नाही जमायचं." आणि आईच्या डोळ्यांदेखत उत्तर टाकून तिने होडी हाकलीसुद्धा. आईही हसली आणि परत मशीनवर जाऊन बसली. त्यानंतर तिने त्या खेळाचं नाव काढलं नाही. निदान पोरांसमोर नाही.

थोरलीने 'आई'वर क्लिक केलं.

आई पहिल्याच बेटावर अडकलेली होती. काठाला होडी, होडीत म्हातारा नावाडी, आणि वाळूत एक चिमुकली बाई, डोक्यावर 'आई' अशी पाटी. नावाडी विचारत होता: शीड सहा हात लांब, चार हात रुंद. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, दोन हात. किती हात कापड आणू?

"बारा," धाकटा म्हणाला. "सहा-सहाच्या दोन पट्ट्या. टाक आणि पाठव तिला पलीकडे. बिचारी किती वर्षं उन्हात उभी आहे."

थोरलीलाही तेच हवं होतं. आईसाठी करण्यासारखं आता दुसरं काही उरलंच नव्हतं. हे घर, हे यंत्र जायच्या आधी एवढी होडी तरी सुटावी.

पण खेळ मोठा खडूस. चुकलेलं प्रत्येक उत्तर तो बाजूच्या फळ्यावर तारीखवार लिहून ठेवायचा. थोरलीने फळा सरकवत नेला. तेरा. तेरा. तेरा. चौदा. तेरा. वेळ बहुतेक सकाळी अकराची, पोरं शाळेत गेल्यावरची. पुढे पोरं कॉलेजात गेली, थोरली नोकरीसाठी गाव सोडून गेली, तरी फळा आपला चालूच. एकशे बेचाळीस वेळा. बारा एकदाही नाही.

"कमाल आहे," धाकटा म्हणाला. "एकदा बारा टाकून बघायला काय झालं होतं हिला?"

बारा आईला माहीत होतं. त्या दुपारी तिने ते पाहिलं होतं.

थोरली शिडाच्या चित्राकडे बघत राहिली. वरच्या कडेतून बांबू आरपार गेला होता, खालच्या कडेतून दोरी. बांबू जायचा तर नेफा हवा. दोरी ओवायची तर दुमड हवी. म्हणजे प्रत्येक पट्टीला अर्धा हात जास्त. बारा हातांत शीड झालंच नसतं. कुठेतरी आखूड पडलं असतं.

तिला शाळेचा गणवेश आठवला, आतून चार-चार बोटं दुमडलेला, दर वर्षी उसवून लांब केलेला. त्या जाड कडेची तिला केवढी लाज वाटायची. आईने जन्मात कुणाला कापड कमी पडू दिलं नाही, चित्रातल्या होडीलाही नाही. आणि तिला नाही जमायचं म्हणणारी कोण, तर पोटची पोर.

"टाकतेस ना?" धाकट्याने विचारलं. बाहेर भंगारवाला खाकरला.

थोरलीने एक दाबला. दोनवर बोट नेलं, तिथेच जरा ठेवलं. मग तीन दाबला.

चुकलं, नावाडी म्हणाला. पुन्हा प्रयत्न कर.

फळ्यावर आणखी एक तेरा उमटलं, आईच्याच नावाखाली. थोरलीने डोळे पुसले आणि बटण बंद केलं.

"अगं, हे काय? तुला उत्तर येत होतं ना?"

"मला उत्तर येत होतं," ती म्हणाली. "तिचं बरोबर होतं."

भंगारवाला आत आला. त्याने वायरी गुंडाळल्या, डबा खांद्यावर तोलला आणि खुर्चीवरच्या खोळीकडे हात केला. उरलेल्या चिंध्यांची, आईनेच शिवलेली कॉम्प्युटरची खोळ. "ती पण टाका वरून."

"ती नाही," थोरली म्हणाली.

तो गेल्यावर तिने खोळ उलटी केली. आत चारी बाजूंनी चार-चार बोटं कापड दुमडून टाचलेलं होतं. पुढेमागे पोरांना मोठा कॉम्प्युटर घ्यावा लागला, तर उसवायला.