नकाशाची पश्चिम बाजू

अ‍ॅडलेडच्या घरात जेवणाच्या टेबलावर ब्रॉनविनने कांगारू बेटाचा नकाशा पसरला, तेव्हा ती भलतीच खुशीत होती. लग्नानंतरची ही दोघांची पहिलीच सहल. बोटीत गाडी चढवायची, पलीकडे उतरवायची आणि रमतगमत अख्ख्या बेटाला वळसा घालायचा.

पण रसेलने पेन उचललं आणि पश्चिम टोकाच्या जंगलावर सरळ फुली मारली.

"तिकडे नको."

"का रे?"

"संध्याकाळी कांगारू गाडीपुढे उड्या मारतात."

"मग सकाळी जाऊ."

"पेट्रोल मिळत नाही तिकडे."

"कॅन भरून नेऊ."

"अगं, समुद्रसिंह बघू, पेंग्विन बघू, तिथला मध घेऊ. तेवढं पुरे की!"

ब्रॉनविनचं डोकंच फिरलं. "मला रानात झाडावर बसलेला कोआला बघायचाय, रसेल! एवढी साधी हौस माझी. आणि तू मघापासून नुसते फाटे फोडतोयस. माझ्याबरोबर यायचंच नसेल तर तसं सांग ना. मी बहिणीला घेऊन जाते!"

तिने रागारागाने नकाशाची घडी घालायला घेतली. रसेलने त्यावर हात ठेवला.



"आपली ओळख व्हायच्या आधीची गोष्ट आहे, ब्रॉन. ते जंगल जळलं ना, त्या उन्हाळ्यात झाडांखालचे कोआला गोळा करून पुरायला मी गेलो होतो."