साडेआठची भाकरी

जीप मळ्याच्या वाटेवर थांबली तेव्हा साडेआठ वाजले होते. शुभांगी घरात शिरली, तर मालनबाई तव्यावरची भाकरी उचलून निखाऱ्यावर शेकत होती.

"आज पण गरम?"

"मग गार खाणार हायेस का? हातपाय धू आधी."

एरवी शुभांगी सव्वासहाच्या बसने यायची. आज सव्वादोन तास उशीर झाला होता, तरी भाकरीतून वाफ निघत होती. कधीही या, आईची भाकरी तव्यावरच. शुभांगीला हे कोडं सुटत नव्हतं आणि त्याचं एकच उत्तर तिला सुचायचं, ते तिला आवडत नव्हतं.

"तू जेवलीस?"

"सातलाच. डाक्टरनी सांगितलंय ना, साखर हाय, उपाशी राहायचं नाय."

"खोटं. संध्याकाळपासून चुलीपुढे बसून असतेस तू."

"लय शहाणी! बसून राहिले तर माळा तुझा बाप करील?"

कोपऱ्यातल्या टोपलीत ओल्या फडक्याखाली शेवंतीच्या माळा होत्या, सकाळी फुलबाजारात न्यायच्या. मोरीशी एक धुतलेलं ताट उपडं घातलेलं होतं, अजून ओलं.

"आन ह्यो तुझा डबा आज परत वाजला, सांजच्याला," मालनबाईने कोनाड्यातल्या मोबाइलकडे चिमट्याने दाखवलं. तो शुभांगीचा जुना मोबाइल. कंपनीने नवा दिला तसा तिने हा नंबरासकट आईला देऊन टाकला होता. आईला त्यातलं हिरवं बटण तेवढं कळायचं.

"जाहिराती असतात गं. लक्ष देऊ नकोस."

"बरं," मालनबाई म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती खुडता खुडता मालनबाई वाफ्यातच बसली. ती उठली नाही.

दहाव्याला रामकुंडावरून परतताना लंकामावशी कुणाला तरी सांगत होती, "साखरेचं माणूस ते. पोरीची वाट बघत उपाशी बसायचं, दुसरं काय." मावशीने शुभांगीकडे पाहिलंही नव्हतं. पण ते वाक्य शुभांगीसोबत घरी आलं, रात्री उशाशी राहिलं आणि चौदाव्या दिवशी तिच्याबरोबर अंबडला कामावर गेलं.

"बरं झालं आलीस," शेजारच्या टेबलावरचा कुंदन म्हणाला. मग ओशाळला. "म्हणजे तसं नाही. सर्व्हर मुका झालाय. चार दिवस झाले."

त्यांच्याकडे दिवसभर सगळ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी पाच वाजता एक सर्व्हर आपोआप जुळवून बघायचा, त्यालाच बिल्ड म्हणायचे. जुळलं तर गप्प. मोडलं तर सगळ्यांना ईमेल. मग दुरुस्त होईपर्यंत कुणी हलायचं नाही. आठपर्यंत काम निस्तरायचं, नंतर कंपनीची जीप घरोघर सोडायची. मेल कुणाकुणाला जायचे ती यादी तीन वर्षांपूर्वी शुभांगीनेच लावली होती.

"बिल्ड मोडतं, पण मेल कुणालाच येत नाही. परवा मोडकंच सॉफ्टवेअर ग्राहकाकडे गेलं. साहेबांनी मला उभं-आडवं झापलं."

"हाताने पाठवून बघितलास?"

"जातो ना! मी सर्व्हरवरून स्वतःला चार मेल टाकले. चारही आले."

"डिस्क भरलीय का?"

"रिकामी आहे. तेवढी अक्कल आहे मला."

शुभांगी खुर्ची ओढून बसली. कितीतरी दिवसांनी तिच्यापुढे असा एक प्रश्न होता, ज्याला शोधलं तर उत्तर सापडणार होतं. दुपारचा डबा तिने उघडलाही नाही.

पाच वाजता बिल्ड सुरू झालं आणि मोडलं. मेल आला नाहीच. कुंदनने सवयीने फोन उचलला. "आई, आज उशीर होईल गं. हो, हो. जेवून घे."

एरवी शुभांगी त्याला चिडवायची, "दिलीस का हजेरी?" आज म्हणाली नाही.

"तू कधीच करायची नाहीस घरी फोन," कुंदन म्हणाला.

"आमच्या आईला कळायचं."

तिने सर्व्हरची नोंदवही उघडली. ओळी सरकवता सरकवता कुंदनच ओरडला, "हे बघ! यादी वरून खाली जाते ना? पहिल्याच पत्त्यावर अडकते आणि पुढच्यांना पाठवायचं सोडून देते. आणि हा ईमेल नाहीच. मोबाइल आहे. मेलचा मेसेज करून पाठवायची ती सोय होती बघ, ती कुणीतरी लावून ठेवलीय. मोबाइल कंपनी म्हणते, रिचार्ज संपलं, नंबर बंद."

"कधीपासून?"

"पाच तारखेपासून."

पाच तारखेला ती रामकुंडावर होती. एरवी दर पाच तारखेला ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रिचार्जसाठी आईचा नंबर सांगायची. कुंदन आता तोच वाचून दाखवत होता. यादी लावताना तो तिचा स्वतःचा होता, पहिला तोच घातला होता आणि नंतर काढायचा राहून गेला होता.

"मागच्या नोंदी काढ," ती म्हणाली.

त्याने काढल्या. तीन वर्षांच्या. जेव्हा जेव्हा बिल्ड मोडलं होतं, त्या प्रत्येक संध्याकाळची एक ओळ. मेसेज पोचला. मेसेज पोचला. मधे एकही दिवस सुटला नव्हता. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळचीही ओळ होती. पाच वाजून चार मिनिटं. मेसेज पोचला.

डबा वाजला की पोर साडेआठला येणार, हे आईने ओळखलं होतं. शुभांगीला मोरीशी उपडं घातलेलं ताट दिसलं. ओलं.

"कुणाला जायचा गं हा?" कुंदनने विचारलं. "काढून टाकू?"

तिने टेबलावरचा फोन ओढला आणि तो नंबर फिरवला. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज आला, हा क्रमांक सध्या बंद आहे. तो आवाज संपेपर्यंत ती थांबली.

"आई," ती म्हणाली, "आज मला उशीर होईल. तू जेवून घे."