दर सालचा गड

लोखंडी शिडी दिसायला लागली तसा हरेश वाटेतच खाली बसला आणि उजवा पाय धरून म्हणाला, "बाबा, मुरगळला."

पाय मुरगळला नव्हता. पण आज वर जायचं नाही, असं त्याने पायथ्याच्या देवळापाशीच ठरवलं होतं. सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून इथवर चढला होता.

चंदर थोडा पुढे गेला होता. तो लगबगीने मागे उतरला. सापगावात जन्मभर भात लावून, कापून कंबर वाकलेला माणूस, पण मुलाच्या पायाशी उकिडवा बसला. त्याने बूट काढला, घोटा दाबून पाहिला.

"हितं दुखतो?"

"हां. थोडा."

चंदरने खांद्यावरचा पंचा काढून घोट्याला घट्ट गुंडाळला. मग हरेशची पिशवीही आपल्याच खांद्याला अडकवली. हरेश दुसरीकडे बघत राहिला. बापाच्या तोंडाकडे बघणं त्याला जमेना.

भात झोडून झालं की डिसेंबरात दोघांनी माहुली गडावर यायचं, हे हरेश शाळेत होता तेव्हापासून ठरलेलं. आता तो कल्याणला नोकरीला होता, दोन पोरांचा बाप होता. वर्षअखेरीला चार दिवस सुट्टी मिळायची. त्यातला एक दिवस गडावर जायचा आणि उरलेले पाय चोळण्यात. लग्न झालं त्या वर्षी रंजिता म्हणाली होती, "आपण समुद्रावर जाऊ या ना." तो म्हणाला, पुढच्या वर्षी. मग दर वर्षी तेच म्हणत गेला. बाबांना गडाचं वेड आहे, म्हातारपणी तेवढंच एक सुख आहे त्यांना, असं तो तिला समजवायचा. पुढे पुढे ती विचारायची थांबली. मग पोरं विचारायला लागली. आज पहाटे कल्याणहून निघताना धाकटी प्रियांका झोपेतून उठून दारात आली होती. "आजोबांचा गड झाला की मग समुद्र ना?" रंजिताने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि पिशवीत ठेवल्या.

खरं तर हरेशला स्वतःलाही चढण कधी आवडली नव्हती. शिडीवर पाय ठेवताना आजही त्याच्या हातांना घाम सुटायचा.

"मी धरतो, खांद्यावर हात टाक," चंदर म्हणाला. "हळू हळू उतरू. काय घाई नाय."

तो उठायला गेला तेव्हा त्याचेच गुडघे थरथरले. त्याने झाडाचं खोड पकडलं. ते पाहून हरेशला राहवलं नाही.

"बाबा, पाय बरा आहे. खोटं बोललो मी."

चंदर तसाच खोड धरून उभा राहिला. "कशापायी रं?"

"पोरांना समुद्र बघायचाय. रंजिताला पण. कधीपासून मागे लागलीत. सुट्टी तेवढीच असते, बाबा. पुढच्या वर्षीपासून मी गडावर नाय येणार."

म्हाताऱ्याच्या हातातला घास काढून घेतल्यासारखं हरेशला वाटलं. खाली तानसा तलावाचं पाणी उन्हात चमकत होतं. मग चंदर हरेशशेजारी खडकावर टेकला आणि त्याने मोठा श्वास सोडला.

"बरा झाला, तूच बोललास."

"म्हणजे?"

"माजे गुडगे दोन सालापासून बोंब मारतात. आन खरा सांगू? मला ह्यो डोंगर कंदीच आवडला नाय. सुट्टी म्हंजे खळ्यात पेंढ्यावर उन्हात पडून ऱ्हावा. दुसरा काय नको मला."

हरेश त्याच्याकडे बघतच राहिला. "मग दर साल कशाला यायचात?"

"तुज्यापायी."

चंदरने पायातली चप्पल काढून झटकली, पुन्हा घातली.

"तुजी आय पावसात गेली, तवा तू बोलायचाच बंद झाला व्हतास. दिवाळी गेली तरी तोंडातून सबूद नाय. घरात नाय, शाळेत नाय. मला वाटला, बायको गेली, आता पोरगा बी गेला हातचा. शेवटी मंगळूकाका म्हनला, जरा डोंगरावर फिरवून आन त्याला. म्हनून आनला. वर बसून भाकर खाल्ली आपन. आन उतरायच्या टायमाला तू बोललास. 'बाबा, परत कधी यायचं?' पयला सबूद व्हता तो. तवाच मनात धरला, पोराला गड आवडला. मी हाय तोवर एक साल चुकवायचा नाय."

त्याचा आवाज उतरला.

"तुजा लगीन झाला तवा वाटला, आता सोडील. पन तू काय बोलला नाय, म्हनून मी बी बोललो नाय. माज्यापायी सूनबाईचा न् पोरांचा समुद्र ऱ्हायला, ह्ये मला म्हाईतच नव्हता रे."

हरेशने घोट्याचा पंचा सोडला. त्याची घडी घालता घालता त्याचे हात थांबले. त्या दिवसाचा गड त्याला आठवत नव्हता. ऊन आठवत नव्हतं, वाट आठवत नव्हती. फक्त बाप आठवत होता.

"आय गेल्यापासून तुमी जेवतच नव्हता, बाबा. ताटावरून तसेच उठायचात. मला वाटायचं, आता तुमी पण जाणार. त्या दिवशी वर बसून तुमी आख्खी भाकर खाल्लीत. म्हणून विचारलं होतं, परत कधी यायचं."