कुलूपबंद शार्डोने

"भाऊजी, ही वाइन बिघडली आहे," पेला हुंगून मी म्हणाले.

"कोल्ह्याला द्राक्षं आंबट, वहिनी!" दीर म्हणाले, आणि वाइन खरेदीला मुंबईहून आलेले हॉटेलवाले खळखळून हसले.

शार्डोने द्राक्षांच्या त्या वेली मी लावल्या होत्या. पठारावरच्या गार वाऱ्यात त्यांना सावकाश पिकू दिलं आणि त्यांचा रस ओकच्या लाकडी पिंपांत निजवला. नवरा गेला, आणि दिरांनी पिंपांच्या तळघराला स्वतःचं कुलूप घातलं. "बाईमाणसाचं तिथे काय काम?" लाकूड श्वास घेताना थोडी थोडी वाइन पिऊन टाकतं; पिंप वरचेवर भरून काढलं नाही, तर आत शिरलेली हवा तिचं व्हिनेगर करते. हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पिकत्या गळवाकडे पाहावं तशी वर्षभर त्या कुलपाकडे पाहत राहिले.

"मग तुम्हीच चव घेऊन सांगा ना," मी म्हणाले.

जन्मात दारूला न शिवलेल्या त्या माणसाने केवळ मला खोटं पाडायला पेला रिकामा केला. डोळ्यांत पाणी तरळलं. वाइन अशीच लागत असावी असं समजून ते गरजले, "वा! झकास!"

पाहुण्यांनी एकेक घोट घेतला. हसू मावळलं, पेले हलकेच खाली ठेवले गेले.

"ही केली कोणी?" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने विचारलं.

"मीच," दीर छाती काढून म्हणाले. "वहिनींनी पिंपाला बोटसुद्धा लावलेलं नाही."

पदर सावरत मी अदबीने म्हणाले, "अगदी खरं आहे."