रस्त्यात सोडायचं नाही

चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आला की सिद्धेश मोबाइलवर गेम लावायचा. कितीही घाई असली तरी गेममधल्या गड्याला रस्त्यात सोडून तो कधी उठला नाही. आधी त्याला घरी आणायचा, कॉटवर बसवायचा, मगच गेम बंद.

"दमतो गं तोही," तो बायकोला, आम्रपालीला सांगायचा.

आज कंपनीच्या बसमध्येच त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो घरात होता, कॉटवर बसलेला.

"मला कोणी आणलं?"

"कोण आणणार? तुम्हीच चालत आलात," आम्रपाली म्हणाली. "हाक मारली तर ओसुद्धा दिली नाहीत. सरळ येऊन बसलात."

सिद्धेशला फार बरं वाटलं. चहासाठी उठायला गेला, तर पाय हललेच नाहीत.

तो समाधानाने हसला आणि पुन्हा गेम लागायची वाट बघत बसला.